घड्याळाखालचा कोपरा

"सतराच!" डोकी मोजणाऱ्या डेल्बर्टनं ओरडून सांगितलं. "घड्याळाखालच्यांना एक डोकं कमी. ज्या कोपऱ्यात अठरा नाहीत, तो मोडायचा. ज्यांना जागा बदलायचीय त्यांनी आत्ताच बदला."

मार्लिस खाली बघत राहिली. लोकांच्या बुटांचा बर्फ वितळून शाळेच्या व्यायामशाळेत पाणीच पाणी झालं होतं. नोव्हेंबरात मत पडद्याआड टाकतात. तिथं ती आपल्या मनाचं करायची आणि घरी येऊन नवऱ्याला हवं ते सांगायची. पण आयोवा राज्यातली जानेवारीची ही, पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची निवड म्हणजे साऱ्या देशाच्या आधी, साऱ्या गावादेखत, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मागच्या खेपेला अंगात कणकण आहे म्हणून ती सुटली होती. यंदा नवऱ्यानं, व्हर्लिननं, तिला गाडीत घालून आणलं. त्याच्या उमेदवाराला, राज्यपालांना, डोकी हवी होती, आणि ती त्यांच्याच कोपऱ्यात उभी होती.

घड्याळाखाली दुसऱ्या उमेदवाराची, वकीलबाईंची माणसं होती. त्या बाई मागं प्रचाराला गावच्या वाचनालयात आल्या होत्या. मार्लिसचा हात हातात घेतल्यावर त्यांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं होतं आणि हळूच विचारलं होतं, "घरी बरं आहे ना?" इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं.

"मार्लिस, ये गं इकडं!" शेजारची म्हातारी आर्लीन तिथून ओरडली. तिच्या हातात लिंबाच्या वड्यांचं ताट होतं. "वडी देते!"

"ती कुठं जातेय?" व्हर्लिन हसत म्हणाला. "रस्ता ओलांडायचा झाला तरी मला विचारते."

मार्लिस निघाली. व्यायामशाळा काही मोठी नव्हती, तरी ते अंतर संपेना. मागं वळून बघायची तिची छाती झाली नाही.

"अठरा!" टाळ्या पडल्या. मग डेल्बर्टनं राज्यपालांचा कोपरा पुन्हा मोजला आणि कपाळाला हात लावला. "हे झाले सतरा! व्हर्लिन, बायकोनं तुझाच कोपरा मोडला की रे!"

एकच हशा पिकला. व्हर्लिनचे कान लाल झाले. मोडलेल्या कोपऱ्यातल्यांनी दुसरीकडं जायचं असतं. तो सावकाश चालत आला आणि मार्लिसला खेटून उभा राहिला.

"जिथं बायको, तिथं आपण," तो म्हणाला.

"नवरा असावा तर असा!" कुणीतरी म्हणालं. पुन्हा टाळ्या. त्याचा हात तिच्या केसांखालून मानेवर आला आणि बोटं रुतली. आता घरी जायचं होतं, आणि तेही त्याच्याच गाडीतून.

"मार्चात जिल्ह्याच्या सभेला या कोपऱ्यातून प्रतिनिधी म्हणून कोण जाणार?" डेल्बर्टनं विचारलं. नेहमीसारखे सगळे छताकडे बघू लागले.

मार्लिसनं हात वर केला. मानेवरची पकड आवळली.

"मी जाईन." तिचा आवाज चिरकला. "आणि मी दिसले नाही, तर घरी येऊन बघा."

सगळे हसले. आर्लीन तेवढी हसली नाही. तिनं वड्यांचं ताट खाली ठेवलं. ती मार्लिसच्या मानेवरच्या त्या हाताकडे बघत होती.

हात हळूहळू खाली आला, कोटाच्या खिशात गेला, आणि तिथं गाडीच्या किल्ल्या वाजल्या.