निरोपाचं काम

आईबाबांनी घटस्फोटासाठी नेमलेल्या मध्यस्थ बाईंच्या दाराबाहेर चिमी नखं कुरतडत बसली होती. वर्षभर घरातले सगळे निरोप तिनंच पोचवले होते. ‘तुझ्या बाबांना सांग, डोळे फुटले नसतील तर किल्ली टेबलावरच आहे.’ त्यातले डोळे ती वाटेत गाळायची आणि फक्त किल्ली पोचवायची. मग नेमका कुठला शब्द गाळायचा राहिला, म्हणून गोष्ट इथवर आली, ते ती आठवून आठवून दमली होती.

दार उघडलं. बाई तिच्याशेजारी टेकल्या.

“बाळा, आजपासून आईबाबांचे निरोप मी पोचवणार. तू सुटलीस.”

चिमीनं तोंडातलं बोट काढलं.

“पण मग,” ती म्हणाली, “ते माझ्याशी कशाला बोलतील?”