महागाचा कान

"जर्मनीत ब्याऐंशी हजार, इथं एक लाख छत्तीस," व्यंकट म्हणाला. "आणि वस्तू तीच. स्क्रूसुद्धा तेवढेच."

मधल्या चोपन्न हजारांचं काय होतं, असं बलभीमनं विचारलं. तुळजापुरात दोन लॉजच्या मधे व्यंकटचा दहा बाय बाराचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता, आणि हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो सहा वर्षं थांबला होता. तो बोटांवर मोजायला लागला. आधी विमानाचं भाडं आणि विमा. त्या सगळ्या रकमेवर सीमाशुल्क. सीमाशुल्कावर अधिभार. मग माल, भाडं, शुल्क आणि अधिभार यांच्या बेरजेवर जीएसटी. मग मुंबईचा आयातदार. तो वर्षाला असे वीसच माईक विकतो, त्यामुळं गोदामाचं सगळं भाडं त्या वीस जणांकडूनच काढतो. मग पुण्याचा दुकानदार.

"म्हणजे माईक एक आणि जेवणारे सात," बलभीम म्हणाला.

"आणि वाढपी आपण."

माईक हवा होता बलभीमच्या आईसाठी. दगडाबाई ही तामलवाडीची आराधीण. तिच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती. म्हणून आईबाप देवीला बोलले होते, ही पोर वाचली तर गळ्यात आवाज आहे तोवर तुझी गाणी गाईल. पोर वाचली. साठ वर्षं गात होती. तिचा आवाज ऐकून लोक चुकीच्या थांब्यावर बसमधून उतरायचे.

आता तिच्या घशात गाठ निघाली होती. तीन आठवड्यांनी सोलापुरात ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढायचं होतं. बलभीम खाली फाईल करून वर आला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला हे सांगितलं, आणि आईंचा अंगठा घेतलाय असंही सांगितलं. आपण कशावर अंगठा दिला हे मायला कळलं नसणार, हे बलभीमनं तिथंच ठरवून टाकलं. घरात सगळ्यांना ताकीद दिली. बारकी गाठ हाय, दोन टाके पडतील, एवढंच बोलायचं.

तेवढ्यात तो आवाज धरून ठेवायचा होता. अडचण एकच. दगडाबाई परत परत गात नसे. देवीच्या गाण्याची तालीम करायची नसते, म्हणे. एकदा गाईन, तेवढं घ्या. आणि व्यंकटच्या जुन्या माईकमधून कुणाचाही आवाज पत्र्याच्या डब्यात बसून गायल्यासारखा यायचा.

व्यंकटचा मावसभाऊ शिवकुमार जर्मनीत होता. त्यानं तिथं माईक घ्यायचा, खोक्यावर 'जुना, भेट, किंमत पाच हजार' असं लिहायचं आणि कुरियरनं पाठवायचा, असं ठरलं. ही युक्ती सगळ्यांना आवडली. फक्त मुंबईच्या कस्टमला आवडली नाही.

कस्टमनं बिल मागितलं. बिल दिल्यावर, बिलावरचा आकडा आणि खोक्यावरचा आकडा यांची ओळख का नाही, याचा खुलासा मागितला. बलभीमनं दोन पानी माफी लिहून दिली. शुल्क, दंड आणि खोकं सांभाळल्याचं भाडं धरून माईक एक लाख एक्केचाळीस हजारांना पडला. पुण्यापेक्षा पाच हजारांनी महाग.

आणि आला तो ऑपरेशनला दोन दिवस उरले असताना.

तोवर देवी निजली होती. नवरात्राआधी देवीला पलंगावर निजवतात, ती घटस्थापनेलाच उठते. त्या दिवसांत दगडाबाई उशी घेत नसे, आणि गातही नसे.

"उठली की गाते," ती स्टुडिओत मांडी घालून म्हणाली. "एवढी घाई काय हाय?"

व्यंकटनं तिच्याकडं एकच ओळ मागून बघितली, अगदी हळू. बलभीमनं तिचे पाय धरले. दगडाबाईनं माईककडं बघितलं आणि केवढ्याला आला ते विचारलं. बलभीमनं आकडा सांगितला.

"मनातल्या मनात म्हणते," ती म्हणाली. "एवढ्या पैशाचं यंत्र हाय, मनातलं ऐकंल की. तुमी दोघं भाईर थांबा."

व्यंकटनं पंखा बंद केला, बटण दाबलं आणि दार ओढून घेतलं. दोघं दाराच्या काचेतून बघत राहिले. ओठ हलत होते. चाळीस मिनिटं हलत होते. बलभीम भिंतीकडं तोंड करून रडला. व्यंकटनं काचेतून एक फोटो काढला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. दगडाबाईच्या गळ्याला नळी बसली. तुमच्या आई लई खुशीत असतात, असं नर्सनं बलभीमला सांगितलं. म्हणजे तिला अजून कळलेलं नाही, हे बलभीमनं ओळखलं.

घटस्थापनेला देवी उठली. बलभीम सकाळीच स्टुडिओत आला. गाणं नाही तर नाही, मायचा श्वास तरी ऐकू, असं म्हणाला. व्यंकटनं ती चाळीस मिनिटं लावली आणि आवाज शेवटच्या खुणेपर्यंत चढवला.

आधी बांगड्या वाजल्या. मग लॉजच्या पत्र्यावरची कबुतरं. मग कुजबुज आली. कानाला तोंड लावून बोलावं इतकी जवळून, एकेक अक्षर सुटं.

"आई, तू निजलीस म्हणून बोलते. जागी असतीस तर त्वांड न्हाय उघडलं असतं. साठ वरसं गायले, एक दिस ग्वाड न्हाय लागलं. बोलले कोण, आन् फेडायचं म्या. बलभीमाला वाटतंय, मला काय म्हाईत न्हाय. वाटू दे. तो खाली फाईल कराया गेला तवा डॉक्टर म्हणला, नुसता मशिनीचा शेक दिऊ, गाठ जाईल, आवाज ऱ्हाईल. म्याच म्हणले, काढा."