दुष्काळातली बाई

ऊसतोडीला टोळ्या पाठवून पुढारी झालेल्या अर्जुनरावांनी विलायती मासिकातलं दीडशे वर्षांपूर्वीचं दुष्काळाचं चित्र मोठं करून मागितलं, बंगल्याच्या हॉलमध्ये लावायला. गेवराईत हातानं रंगवणारा पेंटर मीच उरलोय. चौकटी आखून बरगड्या, कावळे, रिकामी मडकी जशीच्या तशी उतरवली. मधल्या बाईच्या तोंडाच्या जागी मात्र नुसत्या काळ्या रेघा होत्या. तोंड मी दिलं. चित्र बंगल्यावर नेलं, तशा मालकीणबाई त्याच्यापुढं थबकल्या. "अवो, ही आपल्या टोळीतली कौशल्या न्हाई का?" "येडी का काय? इंग्रजांच्या काळातली बाई हाय ती," अर्जुनराव हसले. "मालकीणबाईंनी बरोबर वळखलं," मी म्हणलो. "माझी बायको. तुमच्याच टोळीत ऊस तोडताना मेली." अर्जुनरावांचं हसू गेलं. "पूस रं ते तोंड. पाहुणे जेवतेत इथं." मी चित्रच उचललं आणि घरी आणून चुलीसमोर टेकवलं. मग परातीत पीठ काढलं, दोघांपुरतं.