रुळांकडची भिंत

"माझं नाक जरा बारीक काढ गं," गिताबाई खालून ओरडली. "आगीनगाडीतनं एखादी सोयरीक येईल."

परांचीवर उभी निखत हसली. दौंडच्या बेघर निवाऱ्याची ही भिंत रुळांकडे तोंड करून होती. इथं राहणाऱ्यांचे पुरुषभर उंच चेहरे तिच्यावर काढायचे, म्हणजे गाडीतून जाणाऱ्या कुणाला तरी आपलं माणूस ओळखू येईल, ही कल्पना निखतचीच. शिरूरच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची; रविवारी इथं यायची.

मधली जागा तिनं अब्बांसाठी ठेवली होती. तिचे वडील मीरासाहेब इथले नव्हते. विसर पडण्याचं दुखणं वाढत गेलं आणि तीन वर्षांपूर्वी ते घरातून निघाले, ते परतलेच नाहीत. त्यांचा फोटो तिनं या निवाऱ्यातही दाखवला होता. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या होत्या. आता तोच भरल्या गालांचा, गुळगुळीत हनुवटीचा चेहरा ती भिंतीवर उतरवत होती. त्यांच्या अत्तराची रिकामी कुपी तिच्या ब्रशांच्या डब्यात असायची.

निवाऱ्यातले भैरूआबा खाली घोंगडीवर बसून बघत. उभा जन्म मेंढरं राखण्यात गेलेला, नजर पक्की.

"पोरी, ह्ये लग्नातलं रूप झालं," ते म्हणाले. "घर सुटलेला माणूस असा ऱ्हातो व्हय? गाल आत घे."

तिनं घेतले.

पुढच्या रविवारी म्हणाले, "दाढी वाढीव. पांढरी. छातीपतूर."

तिनं ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला. आबांचं खरं होतं. तीन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत.

"डोळं खोल जाऊ दे."

"आबा, बास ना. अब्बा ओळखू यायला हवेत."

"त्यासाठीच सांगतुया."

डोळे खोल गेले. गिताबाई जवळ आली, वर बघितलं, आणि डोक्यावर पदर घेतला.

निखत खाली उतरली. "आता गाडीतून कुणी बघितलं तर सांगेल ना हो, कुठं आहेत ते?"

आबा उठले. मुंडासं काढून हातात धरलं.

"उजव्या कानात अत्तराचा फाया काढायचा ऱ्हायला, पोरी," ते म्हणाले. "नाव-गाव कायबी न सांगता हितंच गेले त्ये. त्या फायावरनंच आम्ही त्यांना कबरस्तानात नेलं."