घोरपड्यांचं लायसन्स

"कारखान्यातल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं काम आजपासून आमच्या कंपनीकडे," म्हणत टायवाल्या माणसाने मृणालताईंची वही बाजूला सारली. "तुमची बदली स्टोअरला झालीय ना?"

"झालीय. तेवढं घोरपड्यांचं लायसन्स बंद करू नका."

"ते तर सहा वर्षांपूर्वीच रिटायर झालेत, मॅडम." त्याने हसत बटण दाबलं.

ताई सामान आवरेपर्यंत गेटवरून फोन आला. वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि मालाचे ट्रक अडकले होते. काटा बसवताना लायसन्स घोरपड्यांच्या नावावर घेतलं होतं. ते बदलून घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

टायवाल्याने बाजूला सारलेली वही पुढे ओढली.

ताईंनी खांद्यावरची डब्याची पिशवी परत टेबलावर ठेवली. "बसा. पहिल्या पानापासून सांगते. असे अजून अकरा घोरपडे आहेत."