थांबलेली यंत्रं

दुपारी चार वाजता वादळी पावसामुळे कुरातानं डोंगरावरचं काम थांबवलं. बोगद्यातून निघालेली माती दरीच्या वरच्या टोकाशी ओतून दाबणारी सहा रोबो-यंत्रं ढिगावरच उभी राहिली. शहरातल्या नियंत्रण कक्षात तो सवयीप्रमाणे पडद्यावरच्या एकेका ठिपक्याकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणू लागला, “एक, बंद. दोन, बंद.” तिसऱ्यावर बोट अडखळलं.

“ओनुकीसान, यंत्रं सरकतायत.”

“ब्रेक लावायला विसरलास. घरी पळायची घाई!” शेजारी बसलेले ओनुकीसाहेब हसले.

“सहाही यंत्रांचे? आणि सगळी एकाच वेगानं, एकाच दिशेला?”

साहेबांचं हसू विरलं. “म्हणजे ढीगच सरकतोय. खाली कोण राहतं?”

“माझे आईबाबा.”

साहेबांनी अग्निशमन दलाला फोन लावला, कुरातानं घरी.

“आई, बाबांना घेऊन आत्ताच्या आत्ता पलीकडच्या शाळेत जा. डोंगर खाली येतोय.”

“अरे, ते घरात कुठे आहेत? एवढ्या पावसात ओढा अचानक आटला म्हणाले. शेताचं पाणी कुठे अडलंय ते बघायला रेनकोट घालून वर गेलेत.”

“त्यांचा मोबाइल?”

“इथेच, चार्जिंगला.”

“मग तू तरी नीघ!”

“ते आले की लगेच निघतो. भिजून येतील रे, चहा टाकून ठेवते.”

पडद्यावरच्या आकड्यांनुसार बंद यंत्रं एवढ्या वेळात आणखी वीतभर खाली गेली होती.