सगळ्यांचं एकच उत्तर

"माझा फोन कुठंय?"

पायातले बूट न काढताच तोफ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तोफ हे लेकीला गल्लीने ठेवलेलं नाव. वय पंधरा, आवाज मात्र सबंध गल्लीला पुरून उरणारा. दुपारी फोन चार्जिंगला लावून ती भटकायला गेली होती.

आईने गॅस बारीक केला. "आज शाळा बुडवलीस. फोन उद्या, शाळेतून आल्यावर. आता जेवून घे."

आवाज तिने मुद्दाम शांत ठेवला होता. आणखी एक तक्रार गेली, की लेकीची रवानगी सुधारगृहात. बाल न्यायालयाने तसं स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधीची शेवटची संधी म्हणून समुपदेशक बाई दर आठवड्याला घरी यायच्या.

पण या बाई अजबच! पोरीला सुधारायचं सोडून मोठ्यांचीच शाळा घ्यायच्या. आई-बाबा, आजी, वरच्या मजल्यावरच्या काकू आणि कोपऱ्यावरचे औषधवाले काका, सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवायच्या. आजवर बाबा फोन काढून घ्यायचे, आई गुपचूप परत द्यायची, आजी स्वतःचा द्यायची आणि उरलंसुरलं काकू भागवायच्या. नियम म्हणाल, तर एक ना धड भाराभर चिंध्या. शाळा बुडवली की फोनबद्दल काय सांगायचं, ते एकच उत्तर बाईंनी सगळ्यांकडून घोकून घेतलं. न ओरडता, एकदाच, प्रत्येकाच्या तोंडी तेच. बाबांचा आवाज उतरायला महिना लागला. आजीला तर मध्येच 'माझी सोनुली' म्हटल्याशिवाय राहवायचं नाही.

तोफ आजीकडे वळली. आजीने डोळे गच्च मिटले आणि म्हणाली, "फोन उद्या, शाळेतून आल्यावर. आता जेवून घे."

बाबा लिफ्टदुरुस्तीची हत्यारं पुसत होते. त्यांनी तेच सांगितलं, आणि चक्क हळू आवाजात. मग जिन्यात धाडधाड पावलं वाजली. वरून काकूंचंही तेच उत्तर स्पष्ट ऐकू आलं. कुठेच डाळ शिजेना, तशी पावलं पुन्हा धाडधाड खाली उतरली आणि रस्त्याला लागली.

ती कोपऱ्यावर निघाली होती. आईचं धाबं दणाणलं. मागच्या वेळी औषधवाल्या काकांनी दुकानातला फोन दिला नाही, तेव्हा हिने दगड घालून त्यांची काच फोडली होती. सगळं प्रकरण तिथूनच न्यायालयात गेलं होतं. आईचे पाय दाराकडे ओढले गेले. फोन हातात कोंबावा, पाया पडावं, काहीही करावं, पण आज काच फुटू नये! तिने दाराची चौकट घट्ट धरली आणि बाबांकडे पाहिलं. बाबांनी नकारार्थी मान हलवली. दोघंही जागचे हलले नाहीत.

घरचा फोन वाजला. काका बोलत होते.

"आली होती. मी पण तेच सांगितलं. दगड उचलला होता हो तिने."

"मग?" आईने फोन कानाशी घट्ट दाबला.

"बराच वेळ हातात धरून उभी होती. मग टाकला खाली. निघालीय घरी. ताई, पोरीने जिंकलं आज!"

आई रडत रडत हसायला लागली. बाबांनी हत्याराचा फडका तिच्यापुढे केला. तिने त्यालाच डोळे पुसले आणि गालभर ग्रीस लावून घेतलं.

तोफ आत आली. बूट काढले. टेबलाशी बसली. आईने ताट वाढलं, तेव्हा तिने विचारलं, "तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय ना हे?"

"हो," आई म्हणाली. "सगळ्यांनी मिळून. तुझ्यासाठी."

तोफेने ताट पुढे ओढलं. बाहीने नाक पुसलं.

"मग इतकी वर्षं वाट कसली बघत होतात?"